घरच्या टेबलावरचा ऑसिलोस्कोप

मुलं कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सला गेली की घरात प्रश्न येतो, टेबलावर मावेल असा ऑसिलोस्कोप कोणता घ्यायचा? आज त्याबद्दल बोलू.

जाहिरातीत पहिला आकडा असतो बँडविड्थचा. पण १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर १०० मेगाहर्ट्झचा सिग्नल खऱ्या उंचीच्या जेमतेम ७० टक्के दिसतो. स्क्वेअर वेव्ह तर आणखी फसवते. २० मेगाहर्ट्झच्या वेव्हमध्ये ६०, १००, १४० असे विषम पटीतले भागही असतात. ते गाळले गेले की तिचे कोपरे गोल होतात. म्हणून सिग्नलच्या निदान पाचपट बँडविड्थ घ्या. आणि उगाच त्याहून फार मोठीही नको, कारण बँडविड्थ चौपट झाली की आत येणारा नॉइज साधारण दुप्पट होतो. हे जाहिरातीत कोणी लिहीत नाही!

माझीच फजिती सांगतो. एका पॉवर सप्लायवर मला ५० मिलिव्होल्टचे काटे दिसत होते. दोन वीकएंड कपॅसिटर बदलत बसलो. शेवटी प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला लावून नुसतं सर्किटजवळ धरलं, तर काटे तसेच! ती वीतभर काळी वायरच अँटेना झाली होती. ती काढून टोकापाशी छोटी ग्राउंड स्प्रिंग लावली आणि काटे जवळपास गेले. तेव्हा खोक्यात ही स्प्रिंग आहे का, ते आधी बघा.

स्कोप ऑनलाइन मागवलात, तर परत करायची मुदत संपायच्या आत एक तपासणी करा. प्रोब काढा, इनपुटला ५० ओहमचा टर्मिनेटर लावा, व्होल्टची पट्टी सर्वांत लहान करा आणि रेघ किती जाड दिसते ते पाहा. काही स्कोप त्या पट्टीवर गुपचूप २० मेगाहर्ट्झची मर्यादा लावतात, मग रेघ बारीक दिसणारच. मर्यादेची खूण पडद्यावर शोधा. प्रोब १०एक्सवर असेल तर हाच नॉइज दहापट धरायचा. १एक्सवर नॉइज कमी, पण बँडविड्थही थोड्याच मेगाहर्ट्झची उरते.

८ बिटमध्ये २५६ पायऱ्या, १२ बिटमध्ये ४०९६. मात्र रेघच जाड असेल तर त्या पायऱ्या नॉइज मोजण्यातच जातात. सँपल रेटही विचारा. चारही चॅनेल चालू केले की तो बऱ्याच स्कोपमध्ये वाटला जातो. आणि लहान डब्यातला पंखा कधीकधी मिक्सरसारखा ओरडतो, तोही ऐकून घ्या.

मुलांना एक बजावून सांगा: भिंतीतल्या विजेवर प्रोब लावायचा नाही. नेहमीच्या स्कोपची ग्राउंड क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती फेजला टेकली तर शॉर्टच.

भारतात कोणासाठी नेणार असाल, तर अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय ना, ते बॅग भरण्याआधी वाचा.