ग्वाटेमालाचं बजेट आणि आजीचं शून्य तिकीट

आजचा एपिसोड स्वस्तात फिरण्याबद्दल आहे. पण आधी एक कबुली देते.

माझ्या लॅपटॉपवर ‘ग्वाटेमाला’ नावाची एक एक्सेल शीट आहे, दीड वर्ष जुनी. त्यात तिकलची माया मंदिरं आहेत, आतितलान तळं आहे, चिचिकास्तेनांगोचा गुरुवार-रविवारचा बाजार आहे. अमेरिकेतल्या जुन्या स्कूलबस रंगवून तिकडे चालवतात, त्यांना ‘चिकन बस’ म्हणतात, त्याचाही कॉलम आहे. फक्त विमानाचं भाडं काही बजेटमध्ये बसत नाही.

दिवाळीत जळगावला घरी आले तेव्हा ही शीट आजीला दाखवली. आजी 77 वर्षांची, माहेर आसोद्याचं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “एवढ्या लांब चालली तू, अन् मले अजिंठा बी कोनी दाखवला नाही.”

जळगावपासून अजिंठा साधारण 60 किलोमीटर. जगभरातून लोक जळगाव स्टेशनवर उतरून तिकडे जातात. आणि आजीचं आयुष्यभर ‘कापूस वेचून झाला की जाऊ’ चाललेलं.

दुसऱ्याच दिवशी निघालो. आता बजेट ऐका. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आणि 75 वर्षांपुढच्यांना प्रवास फुकट. कंडक्टरने आधार कार्ड बघून आजीला शून्य रुपयांचं तिकीट दिलं. तिने ते घडी करून बटव्यात ठेवलं. संभाजीनगरकडे जाणारी गाडी नेरी, पहूर करत फर्दापूरला सोडते. तिथल्या फाट्यावरून लेण्यांपर्यंत वेगळी बस असते. डबा घरचाच होता, कळण्याची भाकरी आणि ठेचा.

पायऱ्या बघून माझ्या पोटात गोळा आला. आजीचे गुडघे दुखतात. तिथे डोलीवाले असतात. मी भाव विचारायला गेले, तर आजी म्हणाली, “जित्तेपनी मानसाच्या खांद्यावर नाही चढत मी. मेल्यावर चढनंच हाये.” डोलीवालेसुद्धा हसले. मग दहा पायऱ्या चढायच्या, बसायचं, पाणी प्यायचं, परत दहा. असं करत आम्ही पोचलो.

पहिल्या लेण्यात आधी काहीच दिसत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय झाली की हळूहळू पद्मपाणी समोर येतो. पाचव्या शतकातलं चित्र. मी गुगलवर वाचलेलं सगळं सांगत होते. आजी मात्र चित्रातल्या बायकांच्या बांगड्या, केस, गळ्यातलं बघत होती. मग तिने विचारलं, “ज्यानं केलं, त्याचं नाव नाही का लिव्हलं कुठी?”

नाही लिहिलं. त्या चित्रकारांची नावं आपल्याला माहीत नाहीत. दहाव्या लेण्यात 1819 साली आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने मात्र खांबावर स्वतःचं नाव कोरून ठेवलंय!

सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणातल्या बुद्धापर्यंत आजी पोचू शकली नाही. खाली बाकावर बसून तिने तो माझ्या फोनवर पाहिला. मला खूप वाईट वाटलं. दहा वर्षांपूर्वी आणलं असतं, तर चालली असती ती तिथपर्यंत.

दुसऱ्या दिवशी जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात गेलो. बहिणाबाईंचं घर, आता तिथे संग्रहालय आहे. बहिणाबाईसुद्धा आसोद्याच्याच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी घरच्यांनी, मुलगा सोपानदेव यांनी उतरवून ठेवली, म्हणून 1952 मध्ये पुस्तक निघालं. 2018 पासून जळगावच्या विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. कोणीतरी कागद-पेन घेऊन बसलं, म्हणून ते नाव उरलं.

तिसऱ्या दिवशी धुळं. एरंडोल, पारोळा करत गाडी जाते. लळिंगचा किल्ला आणि राजवाडे संशोधन मंडळ माझ्या यादीत होतं. आजीच्या यादीत एकच ठिकाण होतं, तिची धाकटी बहीण. चार वर्षांनी भेटल्या दोघी. मी किल्ला चढून उतरले तरी त्यांच्या गप्पा चालूच होत्या. राजवाडे मंडळ राहून गेलं, पुन्हा धुळ्याला जायला कारण पाहिजेच ना!

परतीच्या गाडीत आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायला लागली. मी फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं. एसटीचा खडखडाट आहे त्यात, पण सगळ्या ओव्या नीट ऐकू येतात. फाइलला आजीचं पूर्ण नाव दिलंय.

तीन दिवसांत दोघींचे मिळून दोन हजारसुद्धा संपले नाहीत. जाणार असाल तर लक्षात ठेवा, लेणी सोमवारी बंद असतात. सकाळी लवकर निघा आणि आजी-आजोबांचं आधार कार्ड विसरू नका.

ग्वाटेमालाची शीट अजून आहे, जाणार मी कधीतरी. तोपर्यंत तुमचं एक काम. तुमच्या घरात कोणाचं ‘जाऊ कधीतरी’ राहिलंय, ते आज विचारा. आणि प्रवासात फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!