शपथेचा हात

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, संपादित)

पडद्यावरचं चित्र नीट बघा. यात बंदूक नाही, खंदक नाही, प्रेत तर नाहीच. एक तरुण पोर आहे. केस विस्कटलेले, तोंड उघडं, एक हात छातीवर आणि दुसरा ताठ वर. त्या हाताची दोन बोटं उभी. बाजूला खडूनंच लिहिल्यासारखी अक्षरं आहेत: ‘पुन्हा युद्ध नको’. केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीनं हे पोस्टर 1924 साली केलं. त्या ऑगस्टमध्ये लाइपझिगला समाजवादी युवकांचा मेळावा होता, त्यासाठी. पहिलं महायुद्ध पेटलं त्याला तेव्हा दहा वर्षं होत होती.

हे शिळाछापाचं काम. शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या आपल्यापैकी काहींनी घरी पाहिल्या असतील. रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती मळवलीच्या छापखान्यातून निघाल्या त्याही दगडावरूनच, आणि तो कारखाना चालवणारा श्लायशर जर्मन होता. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं काढायचं, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, खडूच्या रेघेवर धरते. हाताचा जोर, घाई, थरथर, सगळं जसंच्या तसं कागदावर उतरतं. शिवाय प्रती भरपूर निघतात आणि स्वस्त पडतात. कोलविट्झबाईंना दोन्ही हवं होतं. नवरा कार्ल बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर, त्याच्याकडे येणाऱ्या बायका हेच त्यांचं जग. आपलं चित्र त्या वस्तीतल्या भिंतीवर लागावं असं त्यांना वाटे.

आता तो हात बघा. दोन बोटं वर करून शपथ घ्यायची जर्मनीतली जुनी रीत आहे. कोर्टात साक्षीदार असा हात वर करी, आणि पलटणीत भरती झालेला रंगरूटही. म्हणजे ज्या हातानं 1914 साली पोरांनी लढायची शपथ घेतली, तोच हात बाईंनी उचलून उलट्या शपथेला लावला. निदान मी तरी हे चित्र असंच वाचतो.

त्या रंगरुटांत त्यांचा धाकटा मुलगा पेटर होता. वय 18. इतक्या लहान वयात भरती व्हायला वडिलांची परवानगी लागे. कार्ल तयार नव्हता. पेटरनं आईकडे बघितलं, आणि आईनं नवऱ्याला राजी केलं. ऑक्टोबर 1914 मध्ये, आघाडीवर पोचून थोडेच दिवस झाले असतील, पेटर बेल्जियममध्ये डिक्समाइडजवळ मारला गेला. हे माहीत असलं की पोस्टरमधला आवेश वेगळा वाटू लागतो. बाई दुसऱ्या कुणाला दोष देत नव्हत्या. त्या घरातल्याच एका ‘हो’ विरुद्ध बोलत होत्या.

त्याच 1924 साली ओटो डिक्सनं ‘युद्ध’ हा पन्नास चित्रांचा संच काढला. विषारी वायूनं मेलेले, चिखलात कुजणारे, सगळं त्यात आहे. एर्न्स्ट फ्रीड्रिखनं तर जबडे उडालेल्या सैनिकांचे फोटो पुस्तकात छापले. ती भीषणता खोटी नव्हे. पण अशी चित्रं बघताना माणूस मान फिरवतो, आणि मान फिरवली की सुटतो. कोलविट्झबाईंच्या चित्रासमोर सुटका नाही. त्यात किळस येण्यासारखं काही नाहीच.

पुढची स्लाइड घ्या. साल 1941. नाझींनी 1933 मध्येच बाईंना प्रशियन कला अकादमीतून राजीनामा द्यायला लावला होता. कार्ल आदल्या वर्षी गेला. बाई 74 वर्षांच्या. हा त्यांचा शेवटचा दगड, नाव ‘बियाणं दळू नये’. मूळ वाक्य गटेचं. 1918 च्या ऑक्टोबरात कवी डेमेल उरल्यासुरल्यांनी आघाडीवर यावं म्हणून आवाहन करत होता, तेव्हा बाईंनी वर्तमानपत्रातून त्याला जाहीर उत्तर दिलं होतं, ते याच वाक्यानं.

चित्रात एक म्हातारी आहे. तिनं दोन्ही हात कमानीसारखे पसरलेत आणि अंगरख्याखाली तीन पोरं दाबून धरलीत. पोरं बाहेर डोकावताहेत. यांना बाहेर पडायचंय, उधळायला निघालेल्या शिंगरांसारखी ही पोरं आहेत, असं बाईंनी डायरीतही लिहून ठेवलंय. म्हणजे म्हातारीची झटापट शत्रूशी नाही, पोरांच्याच उत्साहाशी आहे. पेटरच्या वेळी त्या उत्साहापुढे आई नमली होती. ही म्हातारी नमत नाही, पोरांना विचारतही नाही. शपथेचा हात या चित्रात कुठेच नाही.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1942 मध्ये, बाईंचा नातू रशियात पडला. काकाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं होतं, पेटर.

शांतता मोर्चात पहिलं पोस्टरच दिसतं, ते साहजिक आहे. हात वर, घोषणा तयार. पण माझं मत दुसऱ्या चित्राकडे झुकतं. पोस्टर अठरा वर्षांच्या पोरांकडून वचन मागतं. म्हातारीचं चित्र त्यांच्या आईवडिलांशी बोलतं, आणि 1914 साली परवानगी त्यांच्याच हातात होती.