लिस्बनला जाण्यापूर्वीं

परगांवीं जाणाऱ्या माणसाला शिदोरी बांधून देण्याची आपल्याकडे चाल आहे. ही शिदोरी केवळ खाण्याचीच असते असें नाहीं. ज्या गांवीं जावयाचें त्या गांवच्या चार गोष्टी आधीं ठाऊक करून घेणें, हीही एक शिदोरीच होय. ती न बांधतां मी एकदां पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथें गेलों आणि फजीत होऊन परत आलों. येत्या जून महिन्यांत पुन्हां जावयाचें आहे. मधल्या काळांत घरबसल्या त्या शहराची ओळख कशी करून घेतली, तें आज आपणांस सांगावयाचें योजिलें आहे. मी विद्वान् नव्हे. मॅट्रिक होऊन छत्तीस वर्षें मुलांना इतिहास-भूगोल शिकविलेला शाळामास्तर आहें. तेव्हां सांगण्याचें वळण शाळामास्तरीच असणार, त्याची क्षमा असावी.

माझी कन्या नोकरीनिमित्त लिस्बनला असते. दोन वर्षांपूर्वीं तिनें आम्हां उभयतांस बोलाविलें. मी लगेच तयार झालों. परंतु माझ्या पत्नीनें साफ नकार दिला. तिचें माहेर गोव्यांतील फोंड्याकडचें आणि कुलदैवत श्रीमंगेश. पोर्तुगीज अमलांत देवळें पाडलीं जाऊं लागलीं, तेव्हां १५६० सालीं कुशस्थळीच्या भक्तांनीं आपला देव उचलून पोर्तुगीज हद्दीबाहेर प्रियोळास नेला. ही कथा तिनें लहानपणीं आजीच्या मांडीवर ऐकलेली. ती म्हणाली, "ज्यांच्या भयानें आमच्या देवाला घर सोडावें लागलें, त्यांच्या राजधानींत मीं काय पाहावयाचें? तुम्ही जा आणि लेकीला भेटून या." यावर मला उत्तर सुचलें नाहीं. मी एकटाच गेलों.

तेथें पहिल्याच दिवशीं एका खानावळींत बसलों. न मागतां मेजावर पाव, लोणी आणि ऑलिव्हचीं फळें आलीं. काय हें आतिथ्य, असें म्हणून मीं सर्व संपविलें. बिल आलें तेव्हां त्या आतिथ्याची किंमत त्यांत मांडलेली होती! कन्या हंसून म्हणाली, "अण्णा, इथली रीतच आहे. नको असेल तर हात न लावतां परत करायचं."

दुसरी फजिती याहून मोठी. रात्रीं तिनें मला 'फादो' नांवाचें गाणें ऐकावयास नेलें. दिवे मंद झाले, काळी शाल पांघरलेली एक बाई उभी राहिली आणि बारा तारांच्या गिटारीच्या साथीनें गाऊं लागली. मीं आपला कन्येला मोठ्यानें प्रश्न केला, "अग, या गाण्याचा अर्थ काय?" सारी खोली माझ्याकडे वळली. शेजारच्या मेजावरील एका वृद्ध गृहस्थानें ओठांवर बोट ठेविलें. 'गप्प बसा' असें म्हणण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याला साठी उलटल्यावर परदेशांत कोणी गप्प बसविलें! फादो चालू असतां कोणी बोलत नाहीं, वाढपीसुद्धां हालचाल थांबवितात, हें मला ठाऊक नव्हतें. लिस्बनकरांच्या लेखीं ती केवळ करमणूक नव्हे. अमालिया रॉद्रिगिश ही थोर फादो-गायिका १९९९ सालीं वारली, तेव्हां सरकारनें तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला होता.

परत आल्यावर मीं ठरविलें कीं, आतां या शहराचा अभ्यास केल्यावांचून तेथें पाऊल टाकावयाचें नाहीं. पावसाळाभर रोज सायंकाळीं मी पुस्तकें व नकाशा घेऊन बसूं लागलों. पत्नी स्वयंपाकघरांत असे. एके दिवशीं मीं मराठींत आलेल्या पोर्तुगीज शब्दांची यादी मोठ्यानें वाचली: पाव, बटाटा, साबण, चावी, पगार, परात, लिलाव, मेस्त्री. आंतून आवाज आला, "परातसुद्धां?" मीं म्हटलें, "होय, परातसुद्धां." थोड्या वेळानें ती परात हातांत घेऊनच बाहेर आली. "देव बाहेर पाठविला, आणि हीं मात्र आमच्या घरांत येऊन बसलीं!" असें म्हणून ती हंसली. त्या दिवसापासून तिचेंही अर्धें लक्ष माझ्या वाचनाकडे असे.

मग आम्हीं भूकंपाचें प्रकरण वाचलें. १७५५ सालच्या नोव्हेंबरची पहिली तारीख. सर्व संतांचा सण असल्यामुळें सकाळीं देवळें माणसांनीं भरलेलीं, वेदींवर मेणबत्त्या तेवत असलेल्या. इतक्यांत धरणी हादरली. देवळें कोसळलीं, मेणबत्त्यांनीं आगी लागल्या, आणि जे जीव घेऊन नदीकांठीं धांवले त्यांच्यावर समुद्राच्या लाटा चालून आल्या. हजारों माणसें प्राणांस मुकलीं. पुढें पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आलेल्या मंत्र्यानें सखल भाग नव्यानें वसविला. रस्ते सरळ आंखले आणि भिंतींच्या पोटांत लांकडी सांगाडे घातले, कीं धक्का बसला तरी घर तग धरावें. त्या सांगाड्याला पोर्तुगीज भाषेंत 'पिंजरा' याच अर्थाचा शब्द आहे. कार्मोचा मठ मात्र छप्पर नसलेल्या कमानींनिशीं तसाच उभा आहे. पहिल्या खेपेस मी त्याच्या समोरून गेलों होतों आणि डागडुजी न केल्याबद्दल मनांतल्या मनांत नगरपालिकेस दोष दिला होता!

बेलें येथील जेरोनिमुश मठाचेंही तसेंच. दगडांत कोरलेले दोरखंड पाहून मी थक्क झालों होतों. सोळाव्या शतकाच्या आरंभीं सुरू झालेल्या त्या बांधकामाचा खर्च मिरी-मसाल्याच्या व्यापारावरील करांतून भागविला गेला, हें मागाहून वाचलें. वास्को द गामाची समाधि तेथेंच आहे. हें ऐकून पत्नी गंभीर झाली. म्हणाली, "म्हणजे त्या दगडांत आपल्या किनाऱ्याचा वांटा आहे तर." सौंदर्य पाहावें, पण तें कोणाच्या पैशानें उभें राहिलें हेंही विसरूं नये, एवढा धडा आम्हां दोघांनाही मिळाला.

परंतु तिचें मन खरोखर पालटलें तें निराळ्याच वाचनानें. वर दिलेल्या यादींत एक शब्द मीं मुद्दाम राखून ठेविला होता. 'तुरुंग' हाही पोर्तुगीजांकडूनच आलेला. गोवा मुक्तिसंग्रामांतील आपले मोहन रानडे १९५५ सालीं पकडले गेले. गोवा १९६१ च्या डिसेंबरांत मुक्त झाला, तरी लिस्बनजवळील काशियाशच्या तुरुंगांतून त्यांची सुटका व्हावयास १९६९ सालचा जानेवारी उजाडावा लागला. हें तिला ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें हें कीं, त्याच काशियाशमध्यें, त्याच राजवटीनें, स्वतःच्या देशांतील शेंकडों माणसेंही कोंडलीं होतीं. १९२६ पासून तेथें हुकूमशाही होती. १९७४ च्या एप्रिलची २५ तारीख लागली, आणि मध्यरात्र उलटल्यावर नभोवाणीवर एक गाणें वाजलें. तीच सैनिकांची ठरलेली खूण होती. सकाळीं लोकांनीं बंदुकींच्या नळ्यांत फुलें खोंविलीं. अठ्ठेचाळीस वर्षांचा अंमल जवळजवळ रक्तपातावांचून संपला आणि काशियाशचे राजकीय कैदी सुटले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पोर्तुगालनें भारताशीं करार करून गोव्यावरील आपला हक्क सोडला. लिस्बनच्या प्रमुख देवळाशेजारी 'अल्झूब' नांवाचा एक जुना तुरुंग आहे. तेथें आतां त्या काळच्या कैद्यांचें संग्रहालय केलें आहे.

मीं वाचावयाचें थांबविलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "म्हणजे त्यांच्याही बायका तुरुंगाच्या दाराशीं डबे घेऊन उभ्या राहिल्या असतील."

श्रोतेहो, परक्या शहराची संस्कृति आधीं जाणून घ्यावी, असें मी म्हणतों तें एवढ्याचसाठीं. दुकानांत शिरतांना 'बों दिया' म्हणावें; आभार मानतांना पुरुषानें 'ओब्रिगादु' आणि स्त्रीनें 'ओब्रिगादा' म्हणावें; शाकाहारी माणसानें हिरव्या भाजीचें सार मागवितांना त्यांत मांसाची चकती नको असें आधींच सांगावें; या गोष्टी उपयोगाच्या खऱ्या, पण त्या दोन दिवसांत साधतात. शहरानें काय भोगलें आणि काय भोगावयास लाविलें, हें समजावयास मात्र वेळ लागतो. तें न समजतां जो जातो, तो एकतर भाट होऊन फिरतो, नाहींतर वैरी होऊन. जुना अन्याय आम्ही विसरलों नाहीं, विसरणारही नाहीं. पण राज्य करणारे निराळे आणि गांवांत नांदणारे निराळे, एवढा विवेक आतां आमच्यापाशीं आहे.

आम्ही जूनमध्यें जात आहों. तेरा जून हा तेथील संत आंतोनियोचा सण. त्या सुमारास घरोघरीं बारीक पानांच्या एका सुगंधी रोपाच्या कुंड्या दिसतात. हें रोप आपल्या तुळशीच्या कुळांतलें, सब्जाचें सख्खें भावंड. नाक लावून त्याचा वास घेऊं नये, हात फिरवून तळव्याचा वास घ्यावा, अशी तेथें समजूत आहे. हें ऐकल्यावर पत्नीनें कागद मागितला आणि कोणत्या क्रमानें काय पाहावयाचें, याची यादी स्वतःच्या हातानें केली. पहिल्या ओळींत कन्येचें घर. दुसऱ्या ओळींत अल्झूबचा तुरुंग. तिसऱ्या ओळींत 'तें तुळशीसारखें रोप.' जेरोनिमुशचा मठ चौथा आहे.

मीं त्या यादींत कांहींही बदल केलेला नाहीं.