लेकींचे शिक्षण आणि समाजाचे मौन
(उमरखेड येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात, विद्यार्थिगौरव समारंभाच्या वेळी झालेले भाषण)



आनंदाच्या प्रसंगी असा विषय काढावा की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. परंतु ज्या मुलींचे आज आपण कौतुक केले, त्याच उद्या शिक्षणासाठी पुसदला, यवतमाळ-अमरावतीला किंवा पैनगंगा ओलांडून नांदेडला वसतिगृहात राहावयास जातील. तेथे कोणावर अत्याचाराचा प्रसंग ओढवला, तर आज पेढे वाटणारा हा समाज तिच्या पाठीशी उभा राहील काय, याचे उत्तर आजच दिले पाहिजे.

१९९४ साली जळगावचे प्रकरण उघडकीस आले, ते वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलींना फसवून, त्यांची छायाचित्रे काढून, ती दाखविण्याच्या धाकाने त्यांच्यावर वारंवार अत्याचार झाले होते. अरविंद इनामदार, मीरा बोरवणकर यांच्यासारख्या अधिकाऱ्यांकडे तपास आला. तरीही फिर्याद देण्यास पुढे आल्या त्या मोजक्याच. धमकीचे सारे बळ ‘गावाला कळेल’ या एका भीतीत होते, आणि ती भीती गुन्हेगाराला समाजाकडून आयतीच मिळाली होती.

राजस्थानात अजमेर येथे १९९२ साली असेच प्रकरण उघड झाले. त्या काळी मुलगी पाहणारी मंडळी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत जाऊन, ही त्यांतली तर नव्हे ना, अशी चौकशी करीत, असे तेथील पत्रकारांनी नंतर सांगितले आहे. त्या प्रकरणातील सहा आरोपींना जन्मठेप झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी.

आता आपल्याकडे पाहू. विवाह जुळविणे हे आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांचे मोठे कार्य मानले जाते. स्थळ पाहताना आपण शिक्षण विचारतो, शेती विचारतो आणि हळूच ‘मुलीविषयी काही ऐकिवात आहे काय’ हेही विचारतो. मुलाने कोणाची छेड काढली होती काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. पोरीच्या तोंडाला कुलूप लागते ते या चौकशीने.

कायदा तिच्या बाजूने सरकला आहे, आणि त्याचे मूळ आपल्या विदर्भातच आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरविले. पण अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, अशा कारणांनी १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, देशभर स्त्रिया उठल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे तेव्हापासून गुन्हा ठरले. कायदा तिचे नाव झाकतो, आणि आपण ते पारावर बसून उच्चारतो!

पालकांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम यांनुसार महाविद्यालयात अंतर्गत समिती असावी लागते व तिची अध्यक्ष स्त्रीच असते. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावी. चौकशी नव्वद दिवसांत व्हावी व ती गुप्त राखली जावी, असा दंडक आहे. त्यामुळे पोलिसांचा मार्ग बंद होत नाही. घटना नांदेडला घडली तरी फिर्याद उमरखेडच्या ठाण्यात नोंदविता येते. मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या कायद्यान्वये ज्याला गुन्हा कळला त्याने तो कळविलाच पाहिजे. कनिष्ठ महाविद्यालयाचे प्राचार्यही त्यातून सुटत नाहीत.

ज्ञातिबांधवांपुढे आमची तीन मागणी आहेत. पहिली, अशा प्रकरणी ज्ञातीच्या कोणीही बैठक बसवून तडजोड करू नये. अत्याचार ही भाऊबंदकी नव्हे. आणि तोंड उघडणाऱ्या कुटुंबास वाळीत टाकणे २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. दुसरी, मुलीला महाविद्यालयातून काढून घाईने उजवू नये. तसे केल्यास गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसरीला, असे होते. तिसरी मागणी सर्वांत कठीण आहे. आरोपी आपल्याच ज्ञातीचा, कदाचित व्यासपीठावरील कोणाचा चिरंजीव निघाला, तरी संस्थेचे वजन त्याच्यामागे उभे राहू नये. तो दोषी की निर्दोष हे न्यायालय ठरवील. साक्षीदारांच्या घरी आपले पुढारी जाणार नाहीत, एवढे तरी आपण ठरवू शकतो.

अब्रू जाते ती अत्याचार करणाराची. एवढे एक वाक्य प्रत्येक आईने आपल्या लेकीला, आणि प्रत्येक बापाने आपल्या लेकाला, घर सोडण्यापूर्वी सांगावे. लेकीला हेही सांगावे की काहीही घडले तरी या घराचे दार तिला उघडे आहे. संमेलनाने या तीन गोष्टींचा ठराव करावा, अशी आमची विनंती आहे.