हिरड्यांचा आजार आणि रक्तातली साखर

मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना खतपाणी घालतात. साखर चढलेली राहिली की जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात. हिरडी दातापासून सुटते आणि मधल्या फटीत कीटण साचते. निरोगी हिरडीत ही फट १ ते ३ मिलिमीटर असते. आजारात ती खोल जाते आणि दाताभोवतीचे हाड झिजते. हॅराल्ड लोए यांनी १९९३ साली या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले. डोळे आणि पाय तपासणाऱ्यांचे तोंडाकडे अजूनही दुर्लक्षच होते.

उलट वाट रक्तातून जाते. सुजलेल्या हिरडीतले इंटरल्यूकिन-६ हे दाह वाढवणारे रसायन यकृताला सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन बनवायला लावते. टीएनएफ-अल्फा हे तसेच दुसरे रसायन इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन लठ्ठपणात आणि साध्या संसर्गातही वाढते, म्हणून एकट्या त्याच्या आकड्यावरून हिरडीचे निदान होत नाही.

तंबाखूने हा आजार लपूही शकतो. कोल्हापूर जिल्ह्याला लागूनच निपाणीचा तंबाखूपट्टा आहे. भाजलेल्या तंबाखूची मशेरी या भागात अनेक बायका दातांना लावतात. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजारी हिरडीतूनही रक्त कमी येऊ शकते आणि पहिली खूण झाकली जाते. दात साफ केले की हलतात, हा समज त्यात भर घालतो. खरे तर ते आधीच हललेले असतात; कीटण निघाल्यावर ते जाणवते, एवढेच.

उपचार म्हणजे हिरडीखालचे कीटण खरवडणे, मुळे गुळगुळीत करणे आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नवे पारगावच्या तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयासारख्या संस्थांत हे शिकवले जाते.

यातून साखर उतरते का, यावर मतभेद झाले. अमेरिकेत ५१४ रुग्णांच्या २०१३च्या अभ्यासात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, म्हणजे एचबीए१सीमध्ये, फरक पडला नाही. मात्र उपचारानंतरही अनेकांच्या हिरड्यांतून रक्त येतच होते. लंडनमध्ये २६४ रुग्णांच्या अभ्यासात एका गटावर कसून उपचार झाले. २०१८च्या त्या निष्कर्षांत वर्षाअखेर एचबीए१सी दुसऱ्या गटापेक्षा ०.६ टक्क्याने कमी निघाले. २०२२च्या कोक्रेन आढाव्यात तीन-चार महिन्यांनंतरची घट सरासरी ०.४३ टक्के आढळली. अर्धवट सफाईवरून उपचारच निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल. मात्र मधुमेहाच्या गोळ्या बंद करण्याइतका हा फरक मोठा नाही.

खोल सफाईनंतर पहिले काही दिवस सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन उलट वाढते. म्हणून रक्ततपासणी लगेच न करता तीन महिन्यांनी करावी, आणि देखभालीची सफाईही त्याच सुमारास ठेवावी.