मधुमेह, मूत्रपिंड आणि आपले घराणे

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे. नर्सिंगचा डिप्लोमा घेतला आणि आयुष्य वॉर्डात गेले, त्यातली बरीच वर्षे इथे अमिरातीत डायलिसिस विभागात. तिथे एक गृहस्थ आठवड्यातून तीनदा येत. काही वर्षांनी शेजारच्या खाटेवर त्यांचा धाकटा भाऊ आला. दोघांनाही मधुमेह. थोरल्याने "घरच्यांना उगीच काळजी नको" म्हणून मूत्रपिंडाचे दुखणे लपवले होते. धाकट्याने लघवी कधी तपासलीच नव्हती.

मधुमेह झाला म्हणजे मूत्रपिंड बिघडणारच असे नाही. दहा जणांत साधारण तीन-चार जणांनाच हा विकार होतो. मग तो कोणाला होतो? १९८९ साली अमेरिकेत मिनेसोटा येथील डॉक्टरांनी इन्सुलिनवर असलेली मधुमेही भावंडे तपासली. एकाचे मूत्रपिंड बिघडले असेल, तर त्याच्या मधुमेही भावंडांपैकी ८३ टक्क्यांत तो विकार आढळला. नसेल, तर फक्त १७ टक्क्यांत. अभ्यास लहान होता, पण घराण्याचा संबंध त्याने दाखवला. अबू धाबीच्या खलिफा विद्यापीठातील संशोधकांनीही २०१८ साली अमिराती मधुमेह्यांबाबत असा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला.

याला एकच जनुक कारण नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. काही जनुके तर मूत्रपिंडाची राखणही करतात. शिवाय रक्तातील साखर, रक्तदाब आणि तंबाखू आहेतच. वारसा आपल्या हातात नाही, पण या तीन गोष्टी आहेत.

आपल्यात सोयरिकी नात्यागोत्यातच झाल्या, म्हणून चौकशी वडिलांकडची आणि आजोळची, दोन्हीकडची करावी. आज एक भाऊ दुबईत, बहीण ठाण्यात, दुसरा भाऊ अश्दोदला. फोनवर लग्नकार्याच्या गप्पा होतात, आजाराची गोष्ट मात्र कोणी काढीत नाही.

माझी विनंती एवढीच. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्या. रक्तातील क्रिएटिनिन ठीक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते उशिरा वाढते, अल्ब्युमिन बरेच आधी झिरपू लागते. ते वेळीच कळले तर आज चांगली औषधे आहेत. गुडघे दुखले म्हणून स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. मलिद्याच्या ताटातला गोड घास प्रसादापुरताच घ्या. किप्पूरच्या उपासाआधी डॉक्टरांना विचारा.

आणि आपला रिपोर्ट कपाटात ठेवू नका. भावंडांना, मुलांना फोन करून सांगा. मुलांना आपण घर देतो, दागिने देतो. ही माहितीही त्यांच्या हक्काची आहे. त्या थोरल्या भावाने एक फोन केला असता, तर धाकटा कदाचित माझ्या वॉर्डात आला नसता.

परमेश्वर आपणा सर्वांना निरामय दीर्घायुष्य देवो. आमेन.