मासा आजारी? आधी पाणी तपासा!

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या दिवाणखान्यात माशांची काचेची पेटी आहे. मुलाने कॉलेजात असताना हौसेने आणलेली. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला आणि मासे माझ्या वाट्याला आले. त्यांत एंजल माशांची एक जोडी होती, पाच वर्षं जपलेली. मी खाण्याची डबी हातात घेतली, की दोघं काचेपाशी येऊन उभी राहायची.

मे महिन्याच्या सुट्टीत नात आली. तिला काळे मासे हवे होते. दुकानातून दोन काळ्या मॉली आणल्या, पिशवी अर्धा तास पेटीत तरंगत ठेवली आणि मग पाण्यासकट पेटीत ओतली. नातीने टाळ्या वाजवल्या.

पाचव्या दिवशी मॉलीच्या काळ्या अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे दिसले. दोन दिवसांत ते एंजलच्या परांवरही आले. मी घाबरलो. हिरव्या औषधाची बाटली आणली आणि अंदाजाने थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी गुण दिसेना म्हणून आणखी टाकले. पेटी घाण झाली असेल असं वाटून सगळं पाणी बदललं आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला. नऊ दिवसांत चौदापैकी अकरा मासे गेले. एंजलची जोडीही गेली. नात म्हणाली, "आजोबा, कशानं मेले ते?" मी म्हटलं, "आजारानं." हे उत्तर अर्धंच खरं होतं, हे मला नंतर कळलं.

माझे एक पशुवैद्य मित्र घरी आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी तपासलंत का?" मी गप्प. त्यांनी किटमधल्या नळीत पेटीतलं पाणी घेऊन थेंब टाकले, तर नळी गर्द हिरवी झाली. अमोनिया! जो शून्य असायला हवा, तो भरमसाट वाढला होता. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे उपयुक्त जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ते नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने एका सकाळी धुऊन टाकले होते. औषधाचंही तेच. माझी पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि पाण्याची उंची ४०, म्हणजे ७२ लिटर. वाळू आणि दगड वजा केले तर त्याहूनही कमी. मी धरले होते १०० लिटर. म्हणजे प्रत्येक मात्रा जवळजवळ दीडपट! रोगाने किती मासे मारले आणि मी किती, याचा हिशेब आता लागणार नाही.

म्हणून आज सांगायची मुख्य गोष्ट हीच. नवा मासा आजारी दिसला, तर हात आधी औषधाकडे जाऊ नये. आधी पाणी तपासावं, मग मासा नीट पाहावा आणि औषध सगळ्यांत शेवटी.

नवा मासाच का आजारी पडतो? तो लांबचा प्रवास करून आलेला असतो. गर्दी, उपास आणि जाळ्याची ओढाताण यांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. हा थर म्हणजे त्याचं चिलखत. त्यात पिशवीतल्या पाण्याची एक गंमत आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यामुळे अमोनियाचं विष बोथट राहतं. लांबच्या प्रवासानंतर पिशवी उघडून तशीच ठेवली, की हा वायू उडून जातो आणि अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून पिशवी बंद असतानाच तरंगवून तापमान सारखं करावं, मग उघडून मासा जाळीने उचलावा आणि पिशवीचं पाणी फेकून द्यावं.

आता पाहणी. खाणं टाकण्यापूर्वी दहा मिनिटं पेटीसमोर शांत बसा. सगळेच मासे एकदम वर येऊन धापा टाकत असतील, तर दोष बहुधा पाण्याचा. प्राणवायू कमी किंवा अमोनिया जास्त. एखाददुसराच मासा पर मिटून कोपऱ्यात उभा असेल, तर रोगाचा संशय घ्यावा. अंग दगडावर घासत असेल, तर परजीवी किंवा पाण्याचा त्रास. मिठासारखे सुटे दाणे म्हणजे बहुधा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. अंधारात बॅटरीचा झोत तिरका टाकल्यावर सोनेरी भुकटी चमकली, तर तो 'व्हेलवेट'. त्याचं औषध वेगळं. जखमेवर कापसाचा पुंजका ही बहुधा बुरशी. पण तोंडाभोवती तसाच पांढरा थर आला आणि झपाट्याने पसरला, तर तो जिवाणूंचा रोग असू शकतो. तो उष्णतेने बळावतो, तिथे हीटर वाढवणं म्हणजे आगीत तेल ओतणं. खवले उभे राहून अंग फुगलं असेल, तर आतले अवयव बिघडलेले असतात आणि आशा थोडी असते.

आणि कधी कधी रोग नसतोच. आमच्या शेजारचे गृहस्थ गोल्डफिशच्या गालावर पांढरे ठिपके आले म्हणून औषध आणायला निघाले होते. मी पाहिलं, तर ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर, अगदी ओळीत मांडल्यासारखे. नर गोल्डफिशला विणीच्या काळात असे पुटकुळे येतात. तो मासा ठणठणीत होता!

पांढऱ्या ठिपक्यांबद्दल थोडं अधिक, कारण नव्या माशांबरोबर हाच पाहुणा वारंवार येतो. त्याचा परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो, तिथे त्याला औषध लागू पडत नाही. पूर्ण वाढला की तो गळून तळाशी जातो, आवरणात बसतो आणि एकाचे शेकडो होतात. ही पिल्लं पोहत मासा शोधतात आणि एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध मारतं ते या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणं चूक. आपल्याकडच्या कोमट पाण्यात हे चक्र साधारण आठवड्याभरात पुरं होतं, थंडीत जास्त दिवस घेतं. शेवटचा ठिपका गेल्यावरही बाटलीवर सांगितल्याप्रमाणे उपचार पुरे करावेत. मात्रा लिटरवर मोजावी. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा, नाहीतर तोच औषध शोषतो. मासे सोसणारे असतील, तर तापमान हळूहळू २९-३० अंशांपर्यंत न्यावं म्हणजे चक्र लवकर उरकतं. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा हवेचा पंप जोरात हवा. आणि नेमकं निदान नसताना कॅप्सूल फोडून अँटिबायोटिक पाण्यात टाकू नये. त्याने फिल्टरमधले उपयुक्त जिवाणूही मरू शकतात.

या सगळ्याहून स्वस्त उपाय म्हणजे वेगळा टब. वीस-पंचवीस लिटरचा प्लास्टिकचा टब, हवेवर चालणारा स्पंज फिल्टर आणि लपायला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा. गरज असेल तर हीटर. वाळू नको. तो स्पंज आधी महिनाभर मोठ्या पेटीत ठेवावा म्हणजे त्यात जिवाणू तयार असतात. नवा मासा तीन ते चार आठवडे इथेच. जाळी आणि नळी वेगळी. थोडं पाणी वरचेवर बदलावं. नव्या पाण्यातलं क्लोरीन काढणारं औषध दुकानात मिळतं, ते वापरावं. स्पंज धुवायचाच झाला, तर टबातून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. आजार निघालाच, तर औषध थोड्या पाण्यात, थोड्या माशांना पुरतं आणि घरची पेटी वाचते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. हातावर जखम असेल तर पेटीत हात घालू नये आणि नळीने पाणी तोंडाने ओढू नये. माशांच्या काही जिवाणूंमुळे माणसाच्या कातडीवर महिनोन्‌महिने बऱ्या न होणाऱ्या गाठी येतात. दुसरं म्हणजे, आजारी किंवा नकोसा मासा तळ्यात, नदीत सोडू नका. ते पुण्य नव्हे. तिथल्या माशांना आपण रोग देतो.

माझी नात आता कॉलेजात जाते. गेल्या वर्षी तिला मी त्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. म्हटलं, "थोडे आजारानं गेले, थोडे माझ्या घाईनं." ती काही बोलली नाही. पण मागच्या महिन्यात मी एंजलची नवी जोडी आणली आणि फोनवर तिला सांगितलं, तर पलीकडून लगेच प्रश्न आला, "आजोबा, टबात ठेवलीत ना? आणि पाणी तपासलंत का?"

जोडी अजून टबातच आहे. आज तेविसावा दिवस.